'स्पीक' आणि त्यापुढची लॉरी हॉल्स अँडरसन: कोणतं पुस्तक, कुणाच्या हाती, कोणत्या वयात

मेरीवेदर हायस्कूलच्या नववीत मेलिंडा सोर्डिनो नावाची मुलगी आहे. सोर्डिनो हा शब्द मूळचा इटालियन, वाद्यसंगीतातला. व्हायोलिनच्या घोडीवर एक छोटा चिमटा बसवतात, तो सोर्डिनो. गज तितकाच फिरतो, बोटं तितकीच चालतात, पण सूर कोंडल्यासारखा बाहेर येतो. 'स्पीक' या कादंबरीचा निम्मा ऐवज या आडनावात आहे. मेलिंडाच्या डोक्यात दिवसभर बडबड चालू असते, तीही तिरकस, खवचट, मधूनच फिस्सकन हसवणारी. बाहेर मात्र चावून चावून फाटलेले ओठ आणि शब्द नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

पुस्तक १९९९ साली अमेरिकेत आलं आणि त्याच वर्षी नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत गेलं. किशोरवयीन साहित्याचा प्रिंट्झ पुरस्कार २००० साली सुरू झाला, त्याच्या पहिल्याच वर्षी ते सन्मानप्राप्त पुस्तकांत होतं. २०२३ मध्ये लेखिकेला तिच्या एकूण लेखनासाठी स्वीडनचा अॅस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला. रक्कम ५० लाख क्रोनर. आपल्याकडे अडचण नेमकी इथे सुरू होते. मुखपृष्ठावरची पदकं पाहून पालक किंवा शाळेचा ग्रंथपाल हाताला लागेल ते पुस्तक उचलतो आणि बाराव्या वर्षाच्या मुलीपुढे 'विंटरगर्ल्स', उपाशी राहण्याच्या आजारावरची हिचीच कादंबरी, येऊन पडतं. या लेखिकेच्या बाबतीत 'काहीही घ्या, चांगलंच असेल' हे चालत नाही. कोणतं पुस्तक कधी, हे ठरवूनच घ्यावं लागतं.

आधी तिची खासियत काय ते सांगायला हवं. किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्यांत 'सावरणं' हा माल फार स्वस्तात विकला जातो. मुलीवर संकट येतं, मग एक समजूतदार मुलगा किंवा प्रेमळ समुपदेशक भेटतो, एका रात्रीत ती धो धो रडते, सकाळी ऊन पडलेलं असतं. अँडरसन हा शॉर्टकट सहसा घेत नाही. तिच्याकडे सावरण्याला पायऱ्या असतात. त्या उंचीने लहान असतात आणि मधली एखादी पायरी हटकून मोडते. आणखी एक गोष्ट ती नेमकी पकडते: सल्ला देणाऱ्यांचा फार उपयोग होत नाही. उपयोग होतो तो प्रश्न न विचारता जागा मोकळी ठेवणाऱ्याचा.

'स्पीक'मध्ये या पायऱ्या चक्क मोजता येतात. नववी सुरू होण्याआधीच्या सुट्टीत एका पार्टीत मेलिंडावर बलात्कार झालेला आहे. तिने पोलिसांना फोन लावला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. पोलीस आले, पार्टी उधळली, आणि शाळा उघडल्यावर सगळ्यांच्या लेखी ती पार्टी बुडवणारी चुगलखोर ठरली. फोन का केला होता, हे कुणीच विचारलं नाही. आता पायऱ्या बघा. आधी ती स्वतःशीसुद्धा त्या घटनेचं नाव घेत नाही, त्या मुलाचंही घेत नाही. मग ताप येऊन घरी पडलेली असताना टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांतल्या बायका-पुरुषांशी मनातल्या मनात बोलते आणि 'बलात्कार' हा शब्द पहिल्यांदा येतो, तोही प्रश्नचिन्ह लावून. नंतर शाळेच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर, कोणत्या मुलांपासून लांब राहावं अशा मथळ्याखाली, एक नाव लिहिते. मग जुन्या मैत्रिणीला, रेचलला, वाचनालयात वहीवर लिहून सांगते. इथे पायरी मोडते. काय घडलं हे वाचेपर्यंत रेचल हळहळते. कुणी केलं हे लिहून दाखवल्यावर उसळते, खोटारडी म्हणते आणि निघून जाते, कारण त्याच मुलाबरोबर ती आता हिंडते आहे. काही दिवसांनी मेलिंडा भिंतीकडे परत जाते तर तिच्या एका ओळीखाली इतर मुलींनी आपापलं लिहून ठेवलेलं असतं. मग ओरडणं येतं आणि अगदी शेवटी, एका मोठ्या माणसासमोर, सांगणं.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मूल आई-वडिलांना एकदम सगळं सांगेल ही घरोघरची अपेक्षा असते. मनातला प्रश्न, मग भिंत, मग चिठ्ठी, मग आवाज. सांगणं असं सुट्ट्या पैशांत येतं. घेणाऱ्याने 'एवढंच?' म्हटलं की मूल मूठ मिटून घेतं.

पुस्तकातलं याचं सर्वांत नेमकं उदाहरण नाताळातलं आहे. मेलिंडाचे आई-वडील राक्षस नाहीत. कामाच्या रगाड्यात ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चिठ्ठ्या ठेवून एकमेकांशी आणि मुलीशी बोलतात, इतकंच. नाताळला ते तिला चित्रकलेची वही आणि कोळशाच्या कांड्या देतात. ती चित्रं काढते हे त्यांच्या लक्षात आलं होतं तर! तिचा गळा भरून येतो, सगळं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर येतं, आणि तेवढ्यात कुणीतरी नजर फिरवतं, क्षण निघून जातो. जेमतेम पानभराचा प्रसंग. पालकांसाठीच्या दहा व्याख्यानांपेक्षा हे पान जास्त शिकवतं.

आता झाड. चित्रकलेचे शिक्षक मिस्टर फ्रीमन वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एकेक चिठ्ठी उचलायला लावतात. त्यावरची वस्तू वर्षभर काढत राहायची. मेलिंडाला 'झाड' येतं. झाड काय, बालवाडीतलं पोरही काढतं, असं तिला वाटतं. मग लिनोलियमच्या ठोकळ्यावर कोरलेलं झाड मेलेलं दिसतं, जलरंगातली झाडं वीज पडल्यासारखी येतात. थँक्सगिव्हिंगच्या सणाला आईच्या हातून टर्कीचा पुरता विचका होतो, तेव्हा उरलेल्या हाडांतून मेलिंडा एक शिल्प बनवते: हाडांच्या सापळ्यात बार्बीचं मुंडकं, तोंडावर चिकटपट्टी. फ्रीमन त्या वस्तूकडे बघतात, त्यात वेदना आहे एवढं ओळखतात आणि कसली वेदना हे खोदून विचारत नाहीत. वसंतात घरापुढच्या झाडाच्या फांद्या छाटायला माणूस येतो. झाड तोडतायत असं आधी वाटतं; वडील सांगतात की रोगट भाग काढला तरच ते वाचेल. लिहिणाऱ्याने कळफलकावरून हात उचलून थोडा विचार करावा अशी ही जागा आहे, कारण इथे दुसरी लेखिका तीन परिच्छेद प्रवचन देऊन मोकळी झाली असती. अँडरसन करवतीचा आवाज ऐकवून पुढे जाते. शेवटच्या दिवशीच्या चित्रातलं झाड ओबडधोबड आहे, बुंध्याला व्रण आहेत, खालची एक फांदी आजारी आहे. ती फांदी चित्रातून पुसलेली नाही.

रचनेकडेही लक्ष द्या, वाचताना तिचा उपयोग होतो. सुमारे २०० पानं, चार भाग. अमेरिकन शाळेच्या वर्षातल्या चार गुणांकन-सत्रांप्रमाणे. प्रत्येक सत्राच्या शेवटी मेलिंडाचं प्रगतिपुस्तक. त्यात बीजगणितासोबत वागणूक, कपडे, मैत्री असल्या विषयांचेही शेरे आहेत. प्रकरणं अर्ध्या पानापासून तीन-चार पानांपर्यंत. तीन भाग उताराला लागलेले आणि चौथा चढ, असा एकूण आलेख. काय घडलं ते वाचकाला सविस्तर कळतं ते तिसऱ्या सत्राच्या शेवटी, म्हणजे दोन-तृतीयांश पुस्तक उलटल्यावर. तोपर्यंत नुसत्या सूचना. हीच गोष्ट काही वाचकांना खटकते: पहिली पन्नास पानं 'काही घडतच नाही'. घडतं, पण चिमटा बसवलेल्या आवाजात. नव्या वाचकाला एवढंच सांगून ठेवावं की पहिलं सत्र संपेपर्यंत पुस्तक खाली ठेवू नको.

दोष आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. शेवटच्या झटापटीत कादंबरी अचानक थरारपटाची चाल पकडते. तोच मुलगा, मेलिंडाची लपायची बंद खोली, फुटलेला आरसा, ऐन वेळी बाहेरून आलेल्या खेळाडू मुली. वाचणाऱ्याच्या छातीत धडधडतं, पण एवढी चोख संधी प्रत्यक्षात कितीजणींना मिळते? वर्षभर पायरी पायरीने चाललेली गोष्ट इथे दोन पायऱ्या एकदम चढते. शिक्षकांची पात्रंही बरीचशी टोपणनावांची व्यंगचित्रं आहेत. मेलिंडाच्या नजरेतून म्हणून ती खपून जातात. त्या बंद खोलीचा एक तपशील मात्र झकास आहे. सफाई कामगारांच्या जुन्या अडगळीच्या खोलीत मेलिंडा लपायची जागा करते आणि स्वतःचं तोंड दिसू नये म्हणून तिथल्या आरशावर माया अँजेलू या अमेरिकन कवयित्रीचं पोस्टर लावते. ते पोस्टर तिला ग्रंथपालबाईंनी दिलेलं असतं, कारण शाळामंडळाने अँजेलूच्या एका पुस्तकावर बंदी घातलेली असते.

पुढे तीच वेळ 'स्पीक'वर आली. २०१० मध्ये मिसूरी राज्यातल्या एका गृहस्थाने वर्तमानपत्रात लेख लिहून बलात्काराच्या वर्णनाला अश्लील ठरवलं, त्यावर वाचकांनी आणि शिक्षकांनी समाजमाध्यमांवर मोठी मोहीम चालवली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २०२० सालच्या सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांत 'स्पीक' चौथं आहे. म्हणून ज्यांना पुस्तक वर्गात न्यायचं आहे त्यांनी आशयाची खरी माहिती आधीच हाताशी ठेवावी. ते वर्णन दोन-तीन पानांचं आहे आणि शरीरापेक्षा भीतीवर रोखलेलं आहे. याशिवाय मेलिंडा एका ठिकाणी कागदाच्या क्लिपने मनगटावर ओरखडे काढते. ते प्रकरण छोटं आहे, पण ज्या घरात हा विषय ताजा आहे तिथे मोठ्यांनी आधी स्वतः वाचावं. दारू आहे, शिव्या बेताच्या आहेत. मेलिंडा नववीतली, म्हणजे आपल्या नववीच्याच वयाची. एकट्याने वाचायला हे वय बरोबर. सोबत कुणी वाचणारं असेल तर आठवीही चालेल. त्याखाली नको.

भाषा सोपी आहे. अडतं ते अमेरिकन शाळेच्या शब्दांवर. 'फ्रेशमन' म्हणजे नववीचा नवखा विद्यार्थी आणि 'सीनियर' म्हणजे बारावीचा. खलनायक सीनियर आहे, हा वयातला फरक लक्षात आला नाही तर गोष्टीतली दहशत निम्मी होते. 'पेप रॅली' म्हणजे सामन्याआधी सगळ्या शाळेला व्यायामशाळेत बसवून घोषणा द्यायला लावण्याचा कार्यक्रम. 'प्रॉम' म्हणजे वर्षाखेरीचा नटूनथटून जायचा नाच. 'मार्थाज' हा शाळेतल्या मिरवणाऱ्या मुलींचा समाजसेवी गट. हीदर नावाची नवी मुलगी त्यात शिरण्यासाठी मेलिंडाला दूर सारते आणि व्हॅलेंटाइनच्या सुमारास, मेलिंडानेच नाताळात दिलेली मैत्रीची माळ पाकिटात घालून परत करते. शाळेचं बोधचिन्ह वर्षभर बदलत राहतं, ट्रोजनपासून वोम्बॅटपर्यंत, तो विनोद मात्र कुठल्याही शाळेत शिकलेल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना चार-पाच बैठका पुरतात. मराठी माध्यमातल्या मुलांबरोबर वाचायचं तर आठवड्याला एक सत्र घ्या, म्हणजे चार आठवडे, आणि वरचे शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाका.

आवृत्ती कोणती घ्यावी? मिळाली तर २०१९ ची विसाव्या वर्षाची. तिच्यात लेखिकेचं नवं टिपण आहे आणि 'लिसन' ही कविताही, जी वाचकांनी तिला पाठवलेल्या पत्रांतल्या ओळी गुंफून केलेली आहे. ती कविता कादंबरीच्या आधी वाचू नका; तिच्यातले आवाज मेलिंडाला ओळखल्यानंतरच ओळखीचे वाटतात. २०१८ ची चित्रकादंबरी एमिली कॅरोलने काढलेली आहे, काळ्या-करड्या शाईत. इंग्रजी वाचायचा कंटाळा असणाऱ्यासाठी ती उत्तम दार आहे, दोन तासांत संपते. दोन गोष्टी मात्र बदलतात. झाड प्रत्यक्ष काढून दाखवल्यामुळे वाचकाच्या मनातलं झाड जातं. आणि हल्ल्याचे प्रसंग डोळ्यांसमोर चित्रात येतात, ते मजकुरापेक्षा जास्त अंगावर येतात. 'चित्रांचं पुस्तक, म्हणजे लहान मुलांना चालेल' हा हिशेब इथे नेमका उलटा पडतो. २००४ चा चित्रपट, क्रिस्टन स्टुअर्टच्या अगदी कोवळ्या वयातला, एकदा बघण्यासारखा. पण मेलिंडाचा खवचटपणा पडद्यावर पातळ होतो आणि तोच तर तिचा चिवटपणा आहे.

'विंटरगर्ल्स', २००९. लेखनाच्या कसबात हे 'स्पीक'च्या एक पाऊल पुढे आणि म्हणूनच सांभाळून द्यायचं. अठरा वर्षांच्या लियाला अॅनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या धास्तीने उपाशी राहण्याचा आजार, आहे. तिची दुरावलेली मैत्रीण कॅसी मोटेलच्या खोलीत एकटी मरते आणि त्या रात्री कॅसीने लियाला ३३ वेळा फोन केलेला असतो. लियाने तो उचललेला नसतो. गोष्ट पुढे भुकेची तितकीच या ३३ फोनांची आहे. छपाईकडे बघा: लियाच्या मनात आधी जे उमटतं ते छापून त्यावर आडवी रेघ मारलेली आहे आणि पुढे तिने स्वतःला बोलायला लावलेलं वाक्य. भूक लागली आहे, यावर रेघ. भूक नाही, हे शाबूत. 'आई' खोडलेलं, त्याजागी डॉक्टर मॅरिगन, कारण आई हृदयशल्यविशारद आहे आणि लियाने तिला लांब ठेवायचं ठरवलंय. आजार माणसाच्या आत बसून कसा दुरुस्त्या करत राहतो हे इतकं थेट क्वचितच कुणी दाखवलं असेल. प्रकरणांचे आकडेसुद्धा वजनकाट्यावरच्या आकड्यांसारखे, दशांशचिन्हासकट.

धोका याच कसबात आहे. पुस्तकात प्रत्येक घासाशेजारी कॅलरींचा आकडा आहे, वजनाची लक्ष्यं आहेत, घरच्यांना फसवायच्या युक्त्या तपशिलात आहेत आणि इंटरनेटवर एकमेकींना उपाशी राहायला चढवणाऱ्या मुलींचे संदेशही आहेत. निरोगी वाचकाला त्यातून कैद दिसते. जी मुलगी आजच ताटातली पोळी मोजते आहे तिला त्यातून लक्ष्य मिळतं, स्पर्धा मिळते. खाण्याच्या आजारांत आकडे हे इंधन असतं, म्हणूनच उपचार करणारे पुष्कळदा रुग्णाला वजन सांगतही नाहीत, पाठ वळवून काट्यावर उभं करतात. तेव्हा नियम सरळ आहे: सध्या आजारी असलेल्या किंवा नुकत्याच सावरलेल्या मुलीला हे पुस्तक देऊ नये. तिच्या आईने, बहिणीने, मैत्रिणीने जरूर वाचावं. एरवी अकरावीच्या पुढे. शेवट मला 'स्पीक'पेक्षा पटतो. लिया बरी झालेली नाही, गोठलेलं सुटायला लागलं आहे इतकंच, आणि तेही आधीच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाया गेल्यानंतर. पुन्हा घसरण होऊ शकते हे सावरण्याच्या गोष्टीत कबूल करणं, हे या लेखिकेचं खरं धाडस. कॅसीचं भूत वारंवार येतं, ते थोडं कमी आलं असतं तरी चाललं असतं.

'द इम्पॉसिबल नाइफ ऑफ मेमरी' हे २०१४ चं, आणि आपल्याकडे सर्वांत कमी वाचलं जाणारं. हेली किंकेन बारावीत आहे. बाप इराक-अफगाणिस्तानातून परतलेला सैनिक; पाच वर्षं ट्रक चालवत मुलीला सोबत फिरवली, आता तिचं शेवटचं वर्ष तरी शाळेत जावं म्हणून गावी आलाय. तो झोपत नाही, पितो, दचकतो, भडकतो. घरात शिरताना आज कोणता बाप भेटेल याचा अंदाज घेणं हे हेलीचं खरं शिक्षण. पोर आई-बापाची पालक होते, ही उलटापालट दारूच्या व्यसनाने पोखरलेल्या कुठल्याही घरात ओळखीची आहे. त्यासाठी युद्ध लागत नाही. बापाच्या युद्धाच्या आठवणी मधेमधे वेगळ्या तुकड्यांत येतात, तिथे लेखिकेची पकड घट्ट आहे. तिचे स्वतःचे वडील दुसऱ्या महायुद्धात डाखाऊची छळछावणी पाहून परतले होते, हे नंतर 'शाउट'मध्ये येतं आणि हे पुस्तक आणखी उलगडतं. तक्रार दोन ठिकाणी. फिन हा मित्र जरा जास्तच हजरजबाबी आहे, खऱ्या मुलांना इतकी वाक्यं सुचत नाहीत. आणि शेवट घाईत आवरलाय: चारशे पानांच्या आसपासच्या पुस्तकात जखम दाखवायला भरपूर जागा आणि मलमपट्टीला काही पानं. दहावीच्या पुढे चालेल. आत्महत्येचा विचार गोष्टीत आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

'ट्विस्टेड' हे २००७ चं पुस्तक मुलाच्या बाजूने लिहिलेलं. टायलर मिलर, बाप रागीट, शाळेत नको ती कीर्ती, डोक्यात मरणाचे विचार. बरं आहे, बाकीच्यांच्या पंगतीत फिकं.

आता अशी एक गोष्ट जी 'सावरण्याच्या' याद्यांत कुणी घालत नाही, आणि घालायला हवी: 'चेन्स', २००८. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध, १७७६ चं न्यूयॉर्क, तेरा वर्षांची गुलाम मुलगी इझाबेल. मालकीण तिच्या धाकट्या बहिणीला विकल्याचं सांगते, इझाबेल उसळते, आणि शिक्षा म्हणून तिच्या गालावर तापलेल्या लोखंडाने इंग्रजी 'आय' हे अक्षर डागतात. उद्धटपणा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर. पुढे कितीतरी प्रकरणं ती नुसती यंत्रासारखी कामं करते, डोक्यात मधमाश्या घोंघावत असल्यासारखी. आणि मग तो डाग ती वेगळा वाचू लागते. अक्षर तेच, गाल तोच, पण आता ते इझाबेलचं पहिलं अक्षर आहे. त्या खुणेला ती बापाच्या चेहऱ्यावरच्या आफ्रिकेतल्या खुणांच्या रांगेत बसवते. व्रण जात नाही, त्याचा अर्थ कुणी लावायचा हे बदलतं. मेलिंडाच्या झाडाची आजारी फांदी आणि इझाबेलचा गाल, हे एकाच हाताचं काम आहे.

व्यवहाराच्या दृष्टीनेही 'चेन्स' सोयीचं: सातवी-आठवीपासून देता येतं, लैंगिक हिंसा नाही, प्रकरणांना जुन्या पत्रांतले आणि वर्तमानपत्रांतले खरे उतारे जोडलेले असल्याने इतिहासाच्या शिक्षकालाही उपयोगी. डागण्याचं प्रकरण मात्र वर्गात मोठ्याने वाचू नये, ज्याचं त्याने वाचावं. पुढचे भाग 'फोर्ज' आणि 'अॅशेस'. 'अॅशेस' २०१६ साली आलं, तेव्हा पहिल्या वाचकांना फार ताटकळावं लागलं, आता तिन्ही सलग वाचता येतात. याहून लहान वाचकासाठी 'फीव्हर १७९३' आहे. फिलाडेल्फियातल्या पीतज्वराच्या साथीत सुमारे ५,००० माणसं दगावली, त्या उन्हाळ्यातली चौदा वर्षांची मॅटी. कोविडचं टाळेबंदीचं वर्ष आठवणाऱ्या मुलांना शहर सोडून पळणारे लोक आणि बंद दारं लगेच कळतात.

'शाउट' सगळ्यांत शेवटी. २०१९ चं हे आत्मकथन मुक्तछंदात आहे. तेराव्या वर्षी आपल्यावर बलात्कार झाला होता हे लेखिका त्यात सांगते. मेलिंडानंतर वीस वर्षांनी. ते आधी वाचलं की 'स्पीक' ही 'लेखिकेची खरी गोष्ट' म्हणून वाचली जाते आणि मेलिंडा बिचारी हरवते, म्हणून क्रम पाळा. शाळाशाळांतून बोलताना मुलांनी तिला काय काय विचारलं, त्या कविता मुलग्यांबरोबर बसून वाचाव्यात. त्यातला एक प्रश्न परत परत येतो, तोही निरागसपणे: मेलिंडाला एवढं कशाचं वाईट वाटलं? या प्रश्नामुळे तरी 'स्पीक' फक्त मुलींच्या गटात वाचण्याची पद्धत सोडून द्यायला हवी.

गटात वाचणाऱ्यांसाठी थोडं. 'तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?' हा प्रश्न विचारू नका. त्याने वर्ग गप्प होतो किंवा मेलिंडाला नावं ठेवायला लागतो, आणि वर्गात बसलेली एखादी मेलिंडा ते ऐकत असते. त्याऐवजी विचारा: हे कुणाकुणाला कळायला हवं होतं, आणि नेमक्या कोणत्या पानावर त्यांची संधी हुकली? मुलं पानं काढून दाखवतात, नाताळचं पान बहुतेक वेळा पहिलं निघतं. दुसरं, तिला शिक्षा करणारे समाजशास्त्राचे शिक्षक मिस्टर नेक आणि जागा मोकळी ठेवणारे मिस्टर फ्रीमन यांची तुलना करायला लावा. मताधिकारासाठी लढलेल्या स्त्रियांवर मेलिंडा निबंध लिहिते, वर्गात वाचायला नकार देते आणि प्रती वाटते. नेक तिला शिक्षा देतात. ती चूक होती की बरोबर, यावर तासभर भांडण रंगतं, आणि भांडणाला जागा आहेच, कारण डेव्हिड नावाचा तिचा वर्गमित्रही तिला सुनावतो की बोलण्याच्या हक्कासाठी लढलेल्यांबद्दल गप्प राहून कसं चालेल.

हे पुस्तक वाचून मूल खरंच काही सांगू शकतं, याची तयारी आधी असावी. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणावरही पोलिसांना कळवायचं बंधन आहे, शिक्षकावरही. न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाला हे आधीच सांगायचं: मी तुझं ऐकेन, विश्वास ठेवेन, पण मदतीसाठी काही माणसांना सांगावं लागेल, आणि ती कोण ते तुला सांगूनच करेन. तपशील खोदून विचारू नयेत. ते काम प्रशिक्षित माणसाचं. शाळेत समुपदेशक असेल तर वाचन सुरू होण्याआधी तिला तारखा द्याव्यात.

अमेरिकन आवृत्तीच्या शेवटी मदतीच्या फोन क्रमांकांची यादी आहे. ते सगळे क्रमांक तिकडचे. इथून लागत नाहीत. वाचनालयाच्या प्रतीत त्या पानावर एक कागद चिकटवून टाका: मुलांसाठी १०९८, मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६. अक्षरं मोठी काढा, आणि कागद डिंकाने लावा. टाचणी पहिल्या दोन वाचकांत निघून जाते.